ओळखपरेड

आमच्या भोईवाड्यात कोर्ट आहे. त्यामुळे इथल्या माणसाला कायदा शिकावा लागत नाही. पावसाळ्यातल्या चिखलासारखा तो येता-जाता अंगाला लागतो. परवा घरी 'पाठलाग' पुन्हा बघत होतो, तर सौ. म्हणाली, "अहो, इतकं भराभर चालतं होय कोर्ट? इथे तर नुसती तारीख मिळते!"

'पाठलाग' १९६४ सालचा. जयंत देवकुळ्यांच्या 'आशा परत येते' या कादंबरीवरून राजा परांजप्यांनी काढलेला. 'लाखाची गोष्ट' आणि 'पेडगावचे शहाणे' काढून ज्यांनी महाराष्ट्राला पोट धरून हसवलं, त्यांनीच इथे आपला घसा कोरडा केला. वकिलाची बायको वारते. पुढे पोलिस दरोडेखोरांच्या टोळीतली एक बाई पकडतात, ती हुबेहूब तिच्यासारखी! वर म्हणते, "मी तुमचीच बायको." वकील काशिनाथ घाणेकर, बायको भावना. हिंदीवाल्यांनी १९६६ साली याचाच 'मेरा साया' केला, तोही रंगीत. पण संशयाला आपला काळा-पांढराच बरा.

हा सिनेमा बघताना मला कॅरोल रीडचा १९४९ सालचा इंग्रजी 'द थर्ड मॅन' हटकून आठवतो. तिथेही मित्राच्या दफनाला जाऊन आलेल्या माणसाला तोच मित्र काळोखात जिवंत उभा दिसतो. रीडनं कॅमेरा थेट महायुद्धात पडझड झालेल्या व्हिएन्नात नेला, खालच्या गटारांतही उतरवला. ऑर्सन वेल्सनं त्या गटारांना नाक मुरडलं, तेव्हा काही भाग डमी घेऊन आणि इंग्लंडमधल्या सेटवर उरकला. संगीत म्हणाल तर अँटन करासचं एकच तंतुवाद्य, झिदर. आमच्याकडे रहस्य रंगात आलं, की गाणं आलंच!

पण खरा फरक शेवटात आहे. लेखक ग्रॅहम ग्रीनला शेवट गोड हवा होता. रीडनं ऐकलं नाही. नायिका लांबलचक रस्त्यावरून चालत येते आणि वाट बघत उभ्या असलेल्या नायकाकडे ढुंकूनही न बघता निघून जाते. रीडचंच बरोबर होतं, हे ग्रीननंही पुढे कबूल केलं.

'पाठलाग' नेमका इथे कचरला. साठ वर्षं उलटली, आता गुपित फोडायला हरकत नसावी : मेली ती जुळी बहीण. गैरसमज फिटतो, सगळं गोड होतं. पण बायको जीव तोडून सांगत असताना नवऱ्यानं तिच्यापेक्षा पुराव्यावर भरवसा ठेवला, त्याचा जाब त्याला कोणीच विचारत नाही. गुन्हेगार सापडला म्हणजे खटला संपला, हे कोर्टाला ठीक, घराला नव्हे. तरीही हा प्रश्न मनात जागा केला तो याच सिनेमानं, म्हणून तर मी तो पुन्हा पुन्हा बघतो.

सिनेमा संपला. सौ.नं विचारलं, "तुम्ही ओळखलं असतंत मला?"

"अर्थात!" मी म्हणालो. पण जरा उशिरा.

ती काही बोलली नाही. मला पुढची तारीख मिळाली, इतकंच.