गाळलेला विमर्श

‘गेम ऑफ थ्रोन्स’चा ७३वा आणि शेवटचा भाग अमेरिकेत १९ मे २०१९च्या रात्री दाखवला गेला, तेव्हा भारतात सोमवार उजाडला होता आणि इथले चाहतेही कामावर निघण्याआधी, सकाळी साडेसहालाच हॉटस्टार लावून बसले होते. त्या एका रात्री एचबीओच्या सगळ्या माध्यमांवर मिळून अमेरिकेत १ कोटी ९३ लाख लोकांनी तो भाग पाहिला. प्रेक्षकसंख्येचा हा वाहिनीसाठी विक्रम होता आणि नाराजीचाही बहुधा विक्रमच. आठवे पर्व जाणत्या लेखकांकडून नव्याने लिहून घ्या, अशी मागणी करणारा ऑनलाइन अर्ज आधीच फिरत होता. त्यावरच्या सह्या पंधरा लाखांच्या पलीकडे गेल्या. या संतापाचा अर्थ लावताना तेव्हाच्या बऱ्याच लेखांनी आणि नंतर काही कलाकारांनीही एक सोपी वाट धरली: लाडावलेल्या चाहत्यांना हवा तसा शेवट मिळाला नाही, म्हणून ते रुसले. हे निदान मला चुकीचे वाटते. त्या गदारोळात पोरकटपणा होता, शिवीगाळही होती. पण त्याच्या मुळाशी असलेली तक्रार रचनेची होती, आणि ती करायला प्रेक्षकांना याच मालिकेने शिकवले होते.

शिकवले ते कसे, हे पाहायचे तर मागे जावे लागते. २०११ साली, पहिल्याच पर्वाच्या नवव्या भागात मालिकेने आपल्या नायकाचे, नेड स्टार्कचे, मुंडके उडवले. दोन वर्षांनी लग्नाच्या मेजवानीत त्याचा मुलगा, सून आणि पत्नी यांची कत्तल झाली. प्रेक्षक हादरले, रडले, पण मालिका सोडून गेले नाहीत. उलट आयएमडीबीवर त्या लग्नाच्या भागाला दहापैकी साडेनऊच्या वर गुण आहेत, आणि शेवटच्या भागाला जेमतेम चार. लोकांनी दिलेले गुण म्हणजे समीक्षा नव्हे, आणि रागाने एक-एक गुण देऊन जाणारेही त्यात असतात. तरीही लाडक्या पात्रांच्या कत्तलीला भरभरून दाद देणारा प्रेक्षक ‘गोड शेवट’ मागत होता, असे म्हणता येत नाही. नेड मेला तो आपल्या सचोटीमुळे. शत्रूला आपला बेत आधी सांगण्याचा उदारपणा त्याला नडला. रॉब स्टार्क मेला तो दिलेला शब्द मोडून प्रेमविवाह केल्यामुळे. प्रत्येक आघाताला मागे जाऊन कारण सापडत होते, आणि ते आघात म्हणूनच खोल जात. इथे कृत्याची किंमत मोजावी लागते, हा मालिकेचा प्रेक्षकांशी झालेला अलिखित करार होता.

शेवटच्या दोन पर्वांत हा करार ढिला झाला. पहिली सहा पर्वे प्रत्येकी दहा भागांची होती. सातवे सातांवर आले आणि आठवे सहांवर. शेवटचे चार भाग प्रत्येकी सव्वा तासाच्या वर होते, त्यामुळे वेळ कमी पडला असे नाही, हा बचाव पुष्कळदा केला जातो. पण मिनिटे वाढली ती मुख्यतः लढायांसाठी. आठव्या पर्वाच्या तिसऱ्या भागातली मृतांच्या सैन्याशी झालेली लढाई ८२ मिनिटांचा जवळजवळ अख्खा भाग व्यापते. एवढे करून मालिकेच्या पहिल्या प्रसंगापासून घोंघावणारे ते संकट नेडची मुलगी आर्या हिच्या एका वाराने संपते, आणि पुढच्या तीन भागांत त्याचा राजकारणावर ओरखडाही दिसत नाही. चौथ्या भागात शत्रुपक्षातल्या युरॉनचे आरमार सिंहासनावर हक्क सांगणाऱ्या डेनेरिसला दिसत नाही आणि त्याच्या यंत्रधनुष्यांचे बाण तिचा एक ड्रॅगन पाडतात. पाचव्यात तीच यंत्रे दुसऱ्या ड्रॅगनपुढे अगदी कुचकामी ठरतात. आरमार दिसले कसे नाही, याचा खुलासा निर्माते डेव्हिड बेनिऑफ यांनी भागासोबतच्या चित्रफितीत केला: डेनेरिस त्याविषयी जवळपास विसरूनच गेली होती. या खुलाशाची पुढे भरपूर टिंगल झाली, आणि ती अनाठायी नव्हती. जे पडद्यावर घडायला हवे होते ते लेखकाला पडद्याबाहेर येऊन सांगावे लागले.

आपल्याकडच्या नाट्यशास्त्राने कथानकाच्या पाच संधी सांगितल्या: मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श आणि निर्वहण. यांतल्या चौथ्या, विमर्श संधीची धनंजयाने ‘दशरूपका’त केलेली व्याख्या इथे विलक्षण कामाला येते. क्रोध, संकट किंवा प्रलोभन यांमुळे फलप्राप्तीच्या वाटेवर जिथे थबकून विचार करावा लागतो, तो विमर्श. डेनेरिसच्या वाट्याला आठव्या पर्वात ही तिन्ही कारणे येतात. सखी मिसांडेचा शिरच्छेद, आणखी एका ड्रॅगनचा वियोग, सिंहासनावर आपल्याहून प्रियकर जॉनचा हक्क मोठा असल्याचे कळणे, आणि समोर सिंहासन. साहित्य सगळे तयार आहे. नाही ती फक्त थबकण्याची जागा. पाचव्या भागात राजधानीच्या शरणागतीच्या घंटा वाजतात, तिच्या चेहऱ्यावर कॅमेरा काही क्षण ठरतो, आणि ती शहर पेटवायला निघते. त्यानंतर त्या भागात तिचा चेहरा पुन्हा दिसत नाही. दिग्दर्शक मिगेल सापोच्निक आपल्याला खाली, राखेत धावणाऱ्या आर्याबरोबर ठेवतात. दृश्य म्हणून ते थरारक आहे, युद्धाकडे बळींच्या नजरेने पाहणे नैतिकदृष्ट्याही योग्य आहे. पण ज्या व्यक्तीचा निर्णय आपल्याला कळायला हवा, तिच्यापासून नेमक्या त्याच वेळी आपल्याला दूर नेले जाते.

यावर खंदा आक्षेप असा, की हे सगळे आधीपासून पेरलेले होते. भावाच्या डोक्यावर वितळलेले सोने ओतले जात असताना डेनेरिस थंडपणे पाहते. मीरीन शहरात १६३ गुलाममालकांना खांबांना ठोकते. शरण न येणाऱ्या टार्ली बापलेकांना जाळते. हे खरे आहे, आणि तिला निर्दोष मुक्तिदात्री मानून मुलींची नावे ‘खलीसी’ ठेवणाऱ्या चाहत्यांनी ते नजरेआड केले, हेही खरे. पण ही उदाहरणे नीट पाहिली की आक्षेप उलटतो. प्रत्येक वेळी तिच्या क्रौर्याला लक्ष्य होते: मालक, गद्दार, शत्रू. शरण आलेल्या शहरातली सामान्य माणसे त्या यादीत बसत नाहीत. तिथवर ती पोहोचूच शकत नव्हती असे नाही. पोहोचण्याचा रस्ता दाखवायला हवा होता. पूर्वसूचना देणे आणि कारण घडवणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि मालिकेने पहिले करून दुसरे झाले असे मानले. नेडचा मुलगा ब्रॅन याच्या बाबतीत तर पूर्वसूचनाही पातळ. पाचव्या पर्वात हा मुलगा एकदाही दिसत नाही, परत येतो तो भावनाशून्य त्रिकालज्ञ होऊन, आणि शेवटी डेनेरिसचा सल्लागार राहिलेल्या टिरियनच्या एका भाषणावर राजा होतो. ब्रॅनची कहाणी सर्वांत मोठी, असे टिरियन म्हणतो. हा दावा चाहत्यांनी हसण्यावारी नेला, कारण ती कहाणी सांगितली गेलीच नव्हती.

उलट पुरावाही याच पर्वात आहे. दुसऱ्या भागात कुणी मरत नाही, काही कोसळत नाही. लढाईच्या आदल्या रात्री माणसे शेकोटीपाशी बसून बोलतात, आणि जेमी ब्रिएनला सरदारकीची दीक्षा देतो. आठव्या पर्वातला बहुतेकांनी मनापासून वाखाणलेला भाग तोच. चाहत्यांना फक्त धक्के आणि ड्रॅगन हवे होते, या म्हणण्याला यापुढे फारसा आधार उरत नाही.

एमी पुरस्कारांचे काय, असेही विचारले जाते. २०१९मध्ये या पर्वाला ३२ नामांकने मिळाली आणि सर्वोत्कृष्ट नाट्यमालिकेसह १२ पुरस्कार. मात्र लेखनासाठी नामांकन होते ते याच शेवटच्या भागाला, आणि तो पुरस्कार ‘सक्सेशन’कडे गेला. तंत्र, संगीत, पीटर डिंक्लेजचा अभिनय यांविषयी चाहत्यांचीही तक्रार नव्हतीच. काळ जाईल तसे मत बदलेल, हा दिलासा ‘द सोप्रानोज’कडे बोट दाखवून दिला जातो. २००७मध्ये त्या मालिकेचा पडदा अचानक काळा झाला तेव्हा लोक भडकले होते, आज त्या शेवटाला मान आहे. पण उत्तर अर्धवट सोडणे ही ‘सोप्रानोज’ची पहिल्यापासूनची रीत होती, शेवट रीतीला धरून होता. इथे रीतच बदलली. आणि चाहते या जगावर उठलेले नाहीत, हे २०२२मध्ये ‘हाउस ऑफ द ड्रॅगन’च्या पहिल्या भागाला मिळालेल्या सुमारे एक कोटी प्रेक्षकांनी दाखवून दिले.

म्हणून तो अर्ज योग्य होता असे मात्र नाही. कलाकृती म्हणजे परत करून बदलून घेण्याचा माल नव्हे. सह्या करणाऱ्यांतले कितीजण खरोखर पुनर्लेखनाची अपेक्षा ठेवून होते, याचीही शंकाच आहे. बहुतेकांसाठी ती निषेधाची पाटी असावी. शिवाय वर्षानुवर्षे मालिकेकडे कोडे म्हणून पाहणाऱ्या, जॉनचे आईबाप आणि भविष्यवाण्यांचे धागे यांचे आराखडे मांडत बसणाऱ्या चाहत्यांनी स्वतःच्या अपेक्षांचाही एक डोलारा उभा केला होता, आणि तो कोसळल्याचे दुःख रचनेच्या तक्रारीत मिसळले. दोन्ही वेगळे काढणे हे समीक्षकांचे काम होते. बहुतेकांनी दोन्ही एकाच पोत्यात भरून फेकून दिले.

मूळ कादंबऱ्यांचे लेखक जॉर्ज आर. आर. मार्टिन यांनी आपल्या शेवटातल्या मोठ्या घटना निर्मात्यांना आधीच सांगितल्या होत्या. म्हणजे ब्रॅनचे राज्य, कदाचित डेनेरिसची आगही, कादंबरीत येऊ शकते. त्या कादंबऱ्यांची बहुतेक प्रकरणे पात्रांच्या नावाने आहेत आणि त्या-त्या पात्राच्या मनातून सांगितलेली आहेत; डेनेरिसची आहेत, ब्रॅनचीही. कॅमेऱ्यासारखे खाली रस्त्यावर उतरून तिच्या चेहऱ्यापासून सुटका करून घेणे लेखकाला तिथे सोपे जाणार नाही. शहर पेटवण्याआधी त्यांना तिच्या डोक्यात थांबावे लागेल. पाचवी कादंबरी २०११ साली आली आणि सहावी एवढी लांबली, त्याचे एक कारण कदाचित हेही असेल.