तीव्र चाई व बाह्योपचार : पुराव्यांची एक चिकित्सा

ॲलोपेशिया अरिआटा, म्हणजे लोकभाषेतील चाई, या विकारावरील लेखनात 'गुणकारी' हे विशेषण फार सहजपणे वापरले जाते. या विकारात शरीराच्याच टी-पेशी केसांच्या मुळांवर हल्ला करतात. परंतु केशकूप नष्ट होत नसल्याने केस पुन्हा उगवण्याची शक्यता टिकून राहते. नेमकी हीच गोष्ट संशोधकाला चकवते. एक-दोन चट्टे असलेल्या अनेक रुग्णांचे केस वर्षभरात उपचाराविनाही परत येतात. संपूर्ण डोके केशरहित झालेल्यांत असे क्वचितच घडते. सौम्य रोगातील यश तीव्र रोगाच्या खाती जमा करणे हा, प्रस्तुत लेखकाच्या मते, या लेखनातील मूलभूत दोष होय.

कांद्याच्या रसाचे उदाहरण पाहण्याजोगे आहे. इराकमधील शार्की व अल्-ओबैदी यांच्या २००२ मधील लेखानुसार हा रस दिवसातून दोनदा लावलेल्या २३ रुग्णांपैकी २० जणांना सहा आठवड्यांत केस आले. नळाचे पाणी लावलेल्या १५ जणांत हे प्रमाण अवघे १३ टक्के होते. आकडे डोळ्यांत भरतात. पण कांदा आणि पाणी यांतला फरक रुग्णाच्या नाकापासून लपवणार कसा? शिवाय हे सारे रुग्ण मर्यादित चट्ट्यांचे होते. कॉक्रेन समीक्षेने २००८ मध्ये चाईवरील १७ चाचण्या व ५४० रुग्ण तपासले, तेव्हा कोणत्याही उपचाराचा केसांच्या वाढीवरील ठोस लाभ सिद्ध झाला नाही.

याउलट इटलीतील तोस्ती व सहकारी यांचा २००३ मधील अभ्यास आकड्यांनी लहान, पण रचनेने प्रामाणिक आहे. डोक्यावरचे वा सर्वांगावरचे सर्व केस गेलेल्या २८ रुग्णांच्या डोक्याच्या एकाच बाजूस क्लोबेटासॉल मलम लावून वर प्लॅस्टिकचे आवरण दिले गेले. आपोआप येणारे केस दोन्ही बाजूंस येतील. एकाच बाजूस आले तर श्रेय मलमाचे. आठ जणांना केस आले, पाच जणांचेच टिकले. निष्फळतेचे प्रमाण लेखकांनी झाकले नाही, हे विशेष.

डायफेन्सिप्रोनने मुद्दाम त्वचादाह घडवण्याच्या पद्धतीचेही तसेच. कॅनडातील १४८ रुग्णांच्या २००१ मधील अहवालात निम्मे ते तीन-चतुर्थांश केस गेलेल्यांत यश ८८.१ टक्के, तर सर्व केस गेलेल्यांत १७.४ टक्के होते. 'डायफेन्सिप्रोन परिणामकारक' या एका वाक्यात ही दरी गडप होते. सावळ्या त्वचेवर या उपचाराने पांढरे वा काळे डाग उमटू शकतात, ही बाब आपल्याकडे तरी तळटीपेत ढकलता येणार नाही.

रुक्सोलिटिनिब मलमाची २०२० मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी निष्फळ ठरली. त्याच कुळातील बॅरिसिटिनिबची गोळी मात्र २०२२ मध्ये अमेरिकेत मान्य झाली. तिच्या दोन चाचण्यांत निम्म्याहून अधिक केस गेलेलेच रुग्ण घेतले होते व यशाचा निकष आधी ठरला होता : डोक्याचा किमान ८० टक्के भाग केसांनी भरणे. अधिक मात्रेच्या गटात ३६ आठवड्यांनी तो ३८.८ व ३५.९ टक्के रुग्णांनी गाठला. औषधविरहित गोळीवर ६.२ व ३.३ टक्क्यांनी. गोळीचे दुष्परिणाम आणि किंमत पाहता मलमाचा शोध सोडून देण्याजोगा नाही; तो तीव्र रुग्णांवर व अशाच कठोर निकषांनी मात्र व्हावयास हवा.