न तुटलेल्या हातांचा हिशेब

द आर्म – जेफ पासन (२०१६)
द एम.व्ही.पी. मशीन – बेन लिंडबर्ग आणि ट्रॅव्हिस सॉचिक (२०१९)

आपल्या शाळांच्या मैदानांवर बेसबॉल क्वचितच दिसतो. मग अमेरिकेतील बेसबॉलवरच्या दोन इंग्रजी पुस्तकांची चर्चा शिक्षकांच्या मासिकात कशासाठी? कारण सांगतो. प्रयोगशाळेत धातूच्या पट्ट्या लाखो वेळा वाकवायच्या आणि त्या केव्हा तुटतात ते पाहायचे, हे माझे रोजचे काम. या पुस्तकांत पट्टीच्या जागी माणसाचा हात आहे, आणि पुष्कळदा तो शाळकरी मुलाचा हात आहे. काय मोजले गेले, काय मोजायचे राहून गेले आणि त्याची किंमत कोणी दिली, हा ही दोन पुस्तके वाचताना पडणारा खरा प्रश्न आहे. तो केवळ खेळापुरता नाही.

आधी थोडे शरीरशास्त्र आणि थोडे यंत्रशास्त्र पाहू. क्रिकेटचा गोलंदाज धावत येतो आणि हात सरळ ठेवून चेंडू टाकतो. त्यामुळे तरुण वेगवान गोलंदाजांच्या दुखापतींत कंबरेच्या मणक्यांचा वाटा मोठा असतो. बेसबॉलमध्ये चेंडू टाकणारा खेळाडू, म्हणजे पिचर, धावत येत नाही. सुमारे साडेअठरा मीटरवर उभ्या असलेल्या फलंदाजाकडे तो जागेवरूनच, एक लांब पाऊल टाकून, वाकवलेल्या कोपराने चेंडू फेकतो. हात आधी मागे पिळला जातो आणि मग चाबकासारखा पुढे येतो. त्या क्षणी खांद्यापाशी दंडाच्या फिरण्याचा वेग सेकंदाला सुमारे ७,००० अंश असतो. हा वेग सेकंदभर टिकला असता, तर दंडाने स्वतःभोवती १९ फेऱ्या पुऱ्या केल्या असत्या!

या झटक्यात कोपराची आतली बाजू उघडू पाहते. ती उघडू न देण्याचे काम दंडाचे हाड आणि हाताचे करंगळीच्या बाजूचे हाड यांना जोडणारा एक लहानसा अस्थिबंध करतो. ग्लेन फ्लायसिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली २६ निरोगी, कसलेल्या पिचरांच्या हालचालींवरून कोपरावरील बलाचे आघूर्ण काढले. ते सुमारे ६४ न्यूटन-मीटर आले. विद्यार्थ्यांना हा आकडा असा समजावता येईल: कोपरापासून ३० सेंटिमीटर अंतरावर सुमारे २२ किलोचे वजन टांगले आहे, आणि ते कोपराला ज्या दिशेने वाकता येत नाही नेमक्या त्या दिशेने वाकवू पाहत आहे. उलट, मृतदेहांतील याच अस्थिबंधावर केलेल्या चाचण्यांत तो ३२ ते ३४ न्यूटन-मीटरच्या आसपास तुटतो असे दिसले.

मग पहिल्याच फेकीला तो तुटत का नाही? कारण सगळा भार तो एकटा उचलत नाही. भोवतालचे स्नायू आणि हाडांची रचना हे त्यात वाटेकरी असतात. स्नायू थकले की त्यांचा वाटा कमी होतो आणि अस्थिबंधाचा वाढतो. धातूच्या पट्टीत जशा बारीक चिरा साचत जातात, तसेच इथेही होते. फरक एवढाच की जिवंत ऊतक स्वतःची डागडुजी करू शकते. मात्र त्यासाठी त्याला सवड मिळावी लागते.

१९७४ पर्यंत हा अस्थिबंध तुटला की पिचरची कारकीर्द संपत असे. त्या वर्षी लॉस एंजेलिसच्या संघातील ३१ वर्षांच्या टॉमी जॉन या डावखुऱ्या पिचरचा कोपर निकामी झाला. डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्या उजव्या मनगटाकडची एक कंडरा काढली आणि डाव्या कोपराच्या हाडांत भोके पाडून त्यांतून ती ओवली. पुन्हा खेळता येण्याची शक्यता शंभरात एक, असा जोब यांचा स्वतःचा अंदाज होता. जॉन १९७६ मध्ये परतला आणि १९८९ पर्यंत खेळला. त्याने जिंकलेल्या २८८ सामन्यांपैकी १६४ शस्त्रक्रियेनंतरचे आहेत. तेव्हापासून ही शस्त्रक्रिया त्याच्याच नावाने ओळखली जाते.

या यशाची एक दुष्ट सावलीही पडली. शस्त्रक्रियेनंतर हात पहिल्यापेक्षा जोरकस होतो, असा समज पसरला. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, हायस्कूलमधील खेळाडूंपैकी सुमारे निम्म्यांना दुखापत नसतानाही खेळ सुधारण्यासाठी ही शस्त्रक्रिया करून घ्यावी असे वाटत होते! आणि २००७ ते २०११ या काळात अमेरिकेत ज्यांच्यावर ही शस्त्रक्रिया झाली, त्यांपैकी निम्म्याहून अधिक जण १५ ते १९ वयोगटातील होते.

जेफ पासन हे क्रीडापत्रकार. त्यांच्या 'द आर्म'चा प्रारंभ एका साध्या विस्मयातून होतो: अमेरिकेतील व्यावसायिक संघ पिचरांवर वर्षाला दीडशे कोटी डॉलरहून अधिक खर्च करतात आणि तरीही हात का तुटतो हे कोणालाच नीट सांगता येत नाही. पासन यांनी ही शस्त्रक्रिया दोनदा झालेल्या दोन पिचरांची, डॅनियल हडसन आणि टॉड कॉफी यांची, पाठराखण केली आहे. पुस्तकाचा सर्वांत मोलाचा भाग मला पुनर्वसनाचा वाटला. नव्याने बसवलेली कंडरा हळूहळू अस्थिबंधासारखी होत जाते, आणि त्या प्रक्रियेला घाई चालत नाही. पहिले काही महिने चेंडू हातात घ्यायचा नाही. नंतर जवळच्या जवळ हलकेच फेकायचा, अंतर पावलापावलाने वाढवायचे, आणि पिचर म्हणून मैदानात उतरेपर्यंत वर्ष-दीड वर्ष जाते. हा कंटाळा, ही धास्ती, घरच्यांची ओढाताण पासन यांनी फार समजुतीने लिहिली आहे.

जपानवरचा भागही विसरता येत नाही. २०१३ च्या शालेय स्पर्धेत तोमोहिरो आनराकू या १६ वर्षांच्या मुलाने नऊ दिवसांत ७७२ चेंडू टाकले, आणि लोकांनी त्याचे कौतुक केले. पुढे २०२० मध्ये जपानच्या शालेय बेसबॉलमध्ये आठवड्याला ५०० चेंडूंची मर्यादा आली.

'द आर्म'ची मर्यादा तिच्या रचनेतच आहे. दोन माणसांच्या कहाणीवरून वाचक नियम काढू लागतो. हडसन परतला, पुस्तक निघाल्यानंतर तीन वर्षांनी, २०१९ च्या अंतिम मालिकेतील शेवटचा फलंदाज त्यानेच बाद केला. कॉफी मात्र पुन्हा सर्वोच्च पातळीवर पोचू शकला नाही. एकच शस्त्रक्रिया, दोन निकाल. यावरून जिद्दीचे महत्त्व सिद्ध होते असे कोणी म्हणेल. मी म्हणेन, यावरून दोन नमुने अपुरे असतात एवढेच सिद्ध होते.

लिंडबर्ग आणि सॉचिक यांच्या 'द एम.व्ही.पी. मशीन'चा सूर अगदी निराळा, आशेचा आहे. खेळाडूचे कौशल्य उपजत आणि ठरलेले नसते, ते मोजून-मापून घडवता येते, हे त्याचे प्रतिपादन. रडार चेंडूचा वेग आणि फिरकी टिपते. अतिशीघ्र कॅमेरा चेंडू बोटांतून सुटतानाचा क्षण दाखवतो. खेळाडू लगेच पकड बदलतो आणि पुन्हा मोजतो. ट्रेव्हर बाउअर या पिचरने अशा कॅमेऱ्याच्या मदतीने एका हिवाळ्यात नवा वळणारा चेंडू कसा तयार केला, ती हकिकत एखाद्या प्रयोगवहीसारखी रंजक आहे. सिअ‍ॅटलजवळच्या काइल बॉडी यांच्या प्रशिक्षण केंद्राचीही गोष्ट यात आहे. व्यावसायिक बेसबॉलच्या बाहेरचा हा माणूस स्वतः मोजमापाची साधने जुळवतो आणि जुन्या प्रशिक्षकांच्या सांगोवांगीला प्रश्न विचारतो. 'हा मुलगा मुळातच असा' हे वाक्य स्टाफरूममध्ये सहज उच्चारणाऱ्या आपणा सर्वांना हे पुस्तक खडसावते, आणि ते योग्यच आहे.

परंतु माझी मुख्य तक्रार याच पुस्तकाविषयी आहे. समजा, मी शंभर पट्ट्या यंत्रावर चढवल्या, त्यांपैकी ज्या तुटल्या त्या केरात टाकल्या आणि टिकलेल्या दहांवर शोधनिबंध लिहिला. तो कोणी छापील का? पुस्तकात भेटतात ते बहुतांशी यशस्वी झालेले खेळाडू. तीच पद्धत, तेच जड चेंडू, तोच ध्यास घेतलेले एकूण किती होते, त्यांपैकी किती सुधारले, किती जसेच्या तसे राहिले आणि किती जणांचे हात गेले, असा पूर्ण हिशेब वाचकाच्या हाती लागत नाही. अंश आहे, छेद नाही. आकड्यांनी भरलेल्या पुस्तकात ही उणीव असावी, हे अधिकच खटकते.

ही शंका हवेतली नाही. पुस्तकाच्या आधी एक वर्ष, २०१८ मध्ये, माइकल रायनोल्ड आणि सहकाऱ्यांचा एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यांनी ३८ किशोरवयीन पिचरांचे दोन गट केले. एका गटाने सहा आठवडे नेहमीच्या चेंडूबरोबर कमी-अधिक वजनाच्या चेंडूंनीही सराव केला. त्या गटाच्या चेंडूचा वेग सरासरी तीन टक्क्यांच्या थोडा वर वाढला. खांदाही पूर्वीपेक्षा सुमारे चार अंश अधिक मागे वळू लागला. आणि त्याच गटातील चौघांच्या कोपराला दुखापत झाली, काहींना सरावाच्या काळात, काहींना नंतरच्या हंगामात. दुसऱ्या गटात एकालाही नाही. ३८ ही संख्या लहान आहे, तेव्हा एवढ्यावरून जड चेंडूंना फाशी देऊ नये. पण या अभ्यासाने जे केले ते महत्त्वाचे: वेग आणि दुखापत दोन्ही एकाच तक्त्यात मांडले.

व्यावसायिक बेसबॉलचा मोठा तक्ता काय सांगतो? मेजर लीग बेसबॉलने २०० हून अधिक जाणकारांशी बोलून तयार केलेला अहवाल डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. वेगवान चेंडूचा सरासरी वेग २००८ साली ताशी सुमारे १४७ किलोमीटर होता, तो २०२४ मध्ये जवळजवळ १५२ झाला. २००५ मध्ये पिचर जायबंदी यादीत जाण्याचे प्रसंग २१२ होते, ते २०२४ मध्ये ४८५ झाले. दोन रेषा एकत्र चढल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही, हे आपण वर्गात नेहमी सांगतो. निदानाची साधने सुधारली, संघ अधिक सावध झाले, हेही खरे. तरी प्रत्येक चेंडू पूर्ण ताकदीने टाकण्याचा आणि वेग-फिरकी वाढवण्याचा हव्यास हे प्रमुख कारण असावे, असेच त्या अहवालाचे मत आहे; आणि कोपरावरील आघूर्णाचे गणित त्याच्या बाजूने आहे.

असे का झाले असावे? माझ्या मते उत्तर साधे आहे. वेग रडारवर तत्काळ दिसतो. अस्थिबंधावरचा ताण मैदानात थेट मोजता येत नाही. हातावर बांधायचे संवेदक त्याचा केवळ अंदाज देतात. थकवा तर खेळाडूलाच कळतो, आणि तो सांगेलच असे नाही. जे पटकन मोजता आले ते वाढवले गेले. जे मोजता आले नाही ते जणू नव्हतेच. दोष मोजमापाचा नाही, अर्धवट मोजमापाचा आहे. परीक्षेच्या गुणांशी रोज व्यवहार करणाऱ्या शिक्षकाला हे निराळे समजावून सांगायला नको.

पूर्ण मोजमाप शक्य असते, आणि ते महाग नसते. फ्लायसिग यांच्या गटाने ९ ते १४ वयाच्या ४८१ मुलांचा दहा वर्षे मागोवा घेतला. त्याचे निष्कर्ष २०११ मध्ये आले. वर्षात १०० डावांहून अधिक पिचिंग करणाऱ्या मुलांना गंभीर दुखापतीचा धोका इतरांच्या साडेतीन पट होता. २००६ च्या आणखी एका अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्या ९५ किशोरांची तुलना दुखापत न झालेल्या ४५ जणांशी केली होती. हात थकलेला असताना नेहमी चेंडू टाकत राहणाऱ्यांच्या बाबतीत धोक्याचा आकडा ३६ पट निघाला. ही माहिती मागाहून, आठवणीवरून विचारलेली असल्याने नेमका आकडा फार ताणू नये. पण दिशा स्पष्ट आहे. अमेरिकेतील लिटल लीगने २००७ पासून वयानुसार दिवसाला किती चेंडू टाकावेत याची मर्यादा घातली. ९-१० वर्षांच्या मुलाला ७५, ११-१२ वर्षांच्या मुलाला ८५. त्यासाठी लागते एक वही आणि एक पेन्सिल.

क्रिकेटमध्येही याचे धडे आहेत. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या २८ वेगवान गोलंदाजांच्या सहा वर्षांच्या अभ्यासात, सवयीपेक्षा एकाएकी जास्त गोलंदाजी केली की पुढच्या आठवड्यात दुखापतीचा धोका वाढतो, असे आढळले. त्यातील गुणोत्तराच्या गणितावर नंतर टीका झाली; पण सुटीनंतर लगेच मुलाला दिवसभर गोलंदाजी करायला लावू नये, हे सांगायला त्या गुणोत्तराची गरज नाही.

इंग्रजी वाचणाऱ्या शिक्षकांनी आणि मोठ्या विद्यार्थ्यांनी दोन्ही पुस्तके वाचावीत. मात्र आधी 'द आर्म' आणि मग 'द एम.व्ही.पी. मशीन' वाचावे. दुसऱ्या पुस्तकातील प्रत्येक यशोगाथेपाशी थांबून समासात एकच प्रश्न लिहावा: 'असे एकूण किती होते?' आणि शाळेच्या संघाची जबाबदारी ज्यांच्याकडे आहे, त्यांनी सरावाच्या वहीत चेंडूंच्या संख्येशेजारी आणखी एक रकाना आखावा. हात दुखतो का, असे मुलाला रोज विचारावे, त्याचे उत्तर त्यात लिहावे, आणि 'हो' आले तर त्या दिवशी त्याला बसवावे. कोणत्याही रडारला न दिसणारी ही नोंद आहे. ती फक्त शिक्षकच करू शकतो.