भाकरी आणि उघडे दार : जनरल बूथ ह्यांच्या ग्रंथाचे पुनर्वाचन

विल्यम बूथ ह्यांचा 'इन डार्केस्ट इंग्लंड अँड द वे आउट' हा ग्रंथ ऑक्टोबर १८९० मध्ये लंडन येथे प्रसिद्ध झाला. ख्रिस्ती समाजकार्याचा विषय निघाला की त्याचे नाव आजही घेतले जाते. परंतु नाव घेणारे पुष्कळ आणि ग्रंथ वाचणारे थोडे, अशीच स्थिती आहे. बेघर माणसाला साह्य करू पाहणाऱ्या ख्रिस्ती संस्थेपुढे जे प्रश्न उभे राहतात त्यांपैकी बहुतेक ह्या ग्रंथात मांडलेले आहेत. आणि अशी संस्था ज्या चुका करते त्यांची बीजेही ह्याच ग्रंथात आहेत. म्हणून त्याचे नुसते गुणगान न करता, ज्यांच्यासाठी तो लिहिला गेला त्या माणसांच्या रांगेत उभे राहून तो पुन्हा वाचावा, असा आमचा प्रयत्न आहे.

ग्रंथ आणि त्याची पार्श्वभूमी

बूथ ह्यांचा जन्म १८२९ साली नॉटिंगहॅम येथे झाला. कोवळ्या वयात त्यांना गहाणवटीच्या दुकानात उमेदवारी करावी लागली. गरिबाच्या घरातील वस्तू एकामागून एक कशा बाहेर पडतात, हे त्यांनी पुस्तकात वाचले नव्हते. दुकानाच्या फळीमागे उभे राहून पाहिले होते. १८६५ साली पूर्व लंडनमध्ये त्यांनी आरंभिलेल्या मिशनला १८७८ मध्ये मुक्तिफौज हे नाव मिळाले. १८८७ साली एका रात्री लंडन पुलाखाली उघड्यावर झोपलेली माणसे त्यांनी पाहिली, आणि दुसऱ्या दिवशी आपले पुत्र ब्रॅमवेल ह्यांना काहीतरी करण्याचा आदेश दिला. पुढल्या वर्षी लाइमहाउस भागात अन्न व निवारा देणारे केंद्र उघडले.

ह्या अनुभवातून ग्रंथ उभा राहिला. त्याच्या लेखनात पत्रकार डब्ल्यू. टी. स्टेड ह्यांचे मोठे साह्य झाले. ग्रंथ तयार होत असता कॅथरिन बूथ कर्करोगाने अंथरुणास खिळल्या होत्या. ४ ऑक्टोबर १८९० रोजी त्यांचे देहावसान झाले, आणि काही दिवसांतच ग्रंथ वाचकांच्या हाती आला. ग्रेट ब्रिटनच्या लोकसंख्येचा सुमारे दहावा हिस्सा, म्हणजे ३० लाख माणसे, दारिद्र्यात बुडालेली आहेत असा हिशेब बूथ मांडतात. त्यावर त्यांनी तीन पायऱ्यांची योजना सुचविली : प्रथम शहरात अन्न, निवारा व काम, मग खेड्यात शेतीवसाहत, शेवटी समुद्रापलीकडील वसाहत. आरंभासाठी त्यांनी १ लाख पौंड मागितले. १८९१ मध्ये एसेक्समधील हॅडली येथे शेतीवसाहत उभी राहिली. त्याच वर्षी पूर्व लंडनमध्ये आगपेट्यांचा कारखाना निघाला. पिवळ्या फॉस्फरसाने कामगारांच्या जबड्याचे हाड सडत असे. ह्या कारखान्याने तो टाळला, आणि मजुरीही इतरांहून अधिक दिली. केवळ भाकरी वाटून न थांबता भाकरी कमी का पडते हे विचारण्याची ही बुद्धी आम्हांला ग्रंथाइतकीच मोलाची वाटते.

ग्रंथाच्या नावात मात्र एक खोट आहे, आणि भारतीय वाचकाने तिच्याकडे कानाडोळा करू नये. त्याच वर्षी स्टॅन्ली ह्यांचे आफ्रिकेतील प्रवासाचे पुस्तक गाजत होते. त्याच्या नावावरून बूथ ह्यांनी आपले नाव बेतले. आफ्रिकेतील अरण्य म्हणजे अंधार, आणि लंडनची गरीब वस्तीही तसाच अंधार, ही ती तुलना. इंग्रज वाचकाला लाज वाटावी हा हेतू खरा; पण ज्यांच्या कणवेने ग्रंथ लिहिला त्यांना अंधारातील प्राणी ठरविल्यावर प्रकाश सगळा आपल्याच कंदिलात आहे असे वाटू लागते. हा दोष नावापुरता राहत नाही.

सनदेतील दोन अर्थ

ग्रंथातील सर्वांत प्रसिद्ध कल्पना भाड्याच्या गाडीच्या घोड्याची आहे. लंडनच्या रस्त्यात असा घोडा कोसळला, तर तो का कोसळला, चूक कोणाची, ह्याची चर्चा करीत कोणी बसत नाही. आधी त्याला उठवितात. आणि तो जिवंत आहे तोवर त्याला दाणावैरण, तबेला आणि काम मिळते. एवढी सनद तरी प्रत्येक माणसाला मिळावी, असे बूथ ह्यांचे मागणे होते.

ह्या दृष्टांताचा पहिला अर्धा भाग आम्हांला शुद्ध शुभवर्तमान वाटतो. पडलेल्याची पात्रता न तपासता त्याला उठविणे ह्यालाच आपण कृपा म्हणतो. त्या काळच्या वर्कहाउसमध्ये पात्र आणि अपात्र गरीब अशी चाळणी लावीत. तिला ह्या एका घोड्याने उत्तर दिले. लूककृत शुभवर्तमानातील शोमरोनी मनुष्य जखमी वाटसरूला असे विचारीत नाही की, ह्या वाटेने एकटा का निघालास?

परंतु दृष्टांताचा दुसरा अर्धा भागही तितक्याच बारकाईने वाचला पाहिजे. घोड्याला उठवितात ते गाडी पुढे जावी म्हणून. सनद घोड्याची खरी, पण ती लिहिणारा मालक आहे. घोड्याला कोणी काही विचारीत नाही. तबेला आहे, पण लगामही आहे. कृपा आणि लगाम ह्या दोन्ही गोष्टी एकाच दृष्टांतात बांधल्या गेल्या, आणि संस्था जसजशी वाढत जाते तसतसा कोणता भाग वाढतो, हाच आमच्या मते ह्या ग्रंथाचा खरा प्रश्न आहे.

समकालीन टीकाकारांपैकी शास्त्रज्ञ टी. एच. हक्स्ली ह्यांना लगाम दिसला. डिसेंबर १८९० पासून त्यांनी 'द टाइम्स'मध्ये पत्रांची मालिका लिहिली. एका माणसाच्या हुकुमात चालणाऱ्या धार्मिक फौजेच्या हाती एवढा पैसा आणि एवढी माणसे सोपविणे धोक्याचे आहे, हा त्यांचा मुद्दा होता. पैशाच्या बाबतीत १८९२ साली चौकशी समितीने हिशेब चोख असल्याचा निर्वाळा दिला. माणसांविषयीची शंका मात्र हिशेबाच्या वह्या तपासून मिटणारी नव्हती. शिवाय हक्स्ली ह्यांनी ती वरून, विद्वानाच्या खुर्चीतून घेतली. रांगेतील माणसाला काय वाटते, हे अजून कोणी सांगितले नव्हते.

रांगेतून आलेली साक्ष

ती साक्ष दोन लेखकांनी दिली. दोघेही श्रद्धावंत नव्हते, आणि म्हणूनच त्यांचे म्हणणे आपण विशेष लक्ष देऊन ऐकावे.

बूथ आपल्या ग्रंथात निवाऱ्याचे वर्णन करतात. ४ पेन्सात रात्रीचे जेवण, झोपण्याची जागा आणि सकाळची न्याहारी; पैसे नसतील त्याला कामाची सोय. संध्याकाळी गीते, साक्षी आणि प्रार्थना होतात, पण सभेस बसण्याची सक्ती कोणावर नाही, असे ते स्पष्ट म्हणतात. सक्ती नसूनही लोक येतात, ह्याचा त्यांना आनंद आहे. हे वाक्य ग्रंथात आहे, हे बूथ ह्यांच्या बाजूने नोंदविलेच पाहिजे.

बारा वर्षांनी, १९०२ साली, अमेरिकन लेखक जॅक लंडन जुने कपडे चढवून पूर्व लंडनच्या बेघरांत मिसळले, आणि १९०३ मध्ये 'द पीपल ऑफ द अ‍ॅबिस' हे पुस्तक प्रसिद्ध केले. एका रविवारी ते मुक्तिफौजेच्या मोफत न्याहारीच्या रांगेत उभे राहिले. रांगेतील अनेकांनी रात्र रस्त्यावर चालून काढली होती, कारण पोलीस कोठे झोपू देत नसत. त्या माणसांना तासन्‌तास उभे राहावे लागले. पाव आणि चहा मिळाल्यावरही प्रार्थनासभा होईपर्यंत कोणी बाहेर पडावे हे अधिकाऱ्यांना मान्य नव्हते; लंडन ह्यांना हुज्जत घालून बाहेर पडावे लागले. ग्रंथातील 'सक्ती नाही' ह्या वचनाचे बारा वर्षांत असे काही झाले होते.

दुसरा साक्षीदार जॉर्ज ऑर्वेल. १९३३ सालच्या 'डाउन अँड आउट इन पॅरिस अँड लंडन' ह्या पुस्तकात ते मुक्तिफौजेचे निवारे स्वच्छ असल्याचे मान्य करतात, पण तेथील लष्करी शिस्तीत त्यांचा जीव रमत नाही. एका चर्चमध्ये चहा दिल्यावर सुमारे शंभर फिरस्त्यांना उपासनेस बसविले. वरच्या गॅलरीत त्यांनी उघडउघड टवाळी केली. चहाची किंमत म्हणून बसविलेल्या माणसांनी अपमानाची अशी परतफेड केली, आणि ती संधी त्यांना आपणच दिली, हे वाचताना आम्ही खाली मान घातली.

त्याच प्रकरणात दुसरे एक चित्र आहे. थेम्सच्या काठी एक संकोची पाद्री येतो, रांगेतील प्रत्येकाच्या हातात जेवणाचे तिकीट ठेवतो, आणि आभार ऐकण्यासही न थांबता निघून जातो. हा कधी बिशप व्हायचा नाही, असे एक फिरस्ता शिवी घालून म्हणतो. ती मनापासून केलेली स्तुती आहे, हे ऑर्वेल सांगतात. खाणावळवाला मात्र त्या तिकिटांवर तिकिटाच्या किमतीपेक्षा कमी अन्न देतो. तेव्हा निर्मळ हेतू असला म्हणजे पुरे झाले, असेही नाही. आपण दिलेली भाकरी पोचली की नाही, हे पाहणे देणाऱ्याचेच काम आहे.

भारतातील झोळी

मुक्तिफौजेचा भारतातील आरंभ ह्या प्रश्नावर वेगळा प्रकाश टाकतो. फ्रेडरिक टकर हे सनदी अधिकारी. आपल्या पदाचा राजीनामा देऊन ते फौजेत गेले आणि १९ सप्टेंबर १८८२ रोजी साथीदारांसह मुंबईस उतरले. त्यांनी भगवी वस्त्रे घेतली, फकीर सिंग हे नाव धारण केले, आणि अनवाणी गावोगाव हिंडून भिक्षेवर निर्वाह केला. माधुकरी आणि झोळी ज्या भाषेत पूज्य शब्द आहेत, त्या आपल्या मराठी वाचकाला ह्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. लंडनमध्ये फौज अन्न वाढण्याच्या बाजूला उभी होती. येथे ती हात पसरणाऱ्याच्या बाजूला बसली. ज्याच्या दारात आपण भाकर मागितली त्याच्यावर लगाम घालता येत नाही.

पण हीच गोष्ट पुढे उलटली. जनरल बूथ ह्यांचे जावई झाल्यावर बूथ-टकर म्हणून ओळखल्या गेलेल्या ह्याच गृहस्थांनी सासऱ्यांच्या योजनेला 'डार्केस्ट इंडिया' ही भारतापुरती पुरवणी लिहिली. १९०८ पासून गोरखपूर आणि इतरत्र, इंग्रज सरकारने जन्मतः गुन्हेगार ठरविलेल्या जमातींच्या वसाहती फौजेने चालविण्यास घेतल्या. तेथे काम होते, शाळा होती, पुष्कळ सेवकांचा त्यागही होता. परंतु वसाहतीतील माणूस परवानगीवाचून बाहेर जाऊ शकत नव्हता. १८७१ चा तो कायदा स्वतंत्र भारतात १९५२ साली रद्द झाला. फिरस्त्याला घर देण्याच्या ओघात आपण त्याच्या दाराला बाहेरून कडी लावीत आहोत, हे त्या सेवकांच्या ध्यानात का आले नसावे? आमच्या मते त्याचे उत्तर घोड्याच्या सनदेच्या दुसऱ्या अर्ध्या भागात आहे. झोळी गेली आणि लगाम राहिला.

भाकरी आधी की वचन आधी?

ह्यावर एक आक्षेप येईल, आणि तो क्षुल्लक नाही. मार्ककृत शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात प्रभूने लोकसमुदायाचा कळवळा येऊन प्रथम शिक्षण दिले आणि नंतर भाकरी वाढल्या. मग सभा आधी व न्याहारी नंतर, ह्यात चुकले काय? आणि साक्ष बाजूला ठेवून केवळ भाकर द्यावयाची, तर आपल्या संस्थेत आणि नगरपालिकेच्या रात्रनिवाऱ्यात भेद कोणता राहिला?

आम्हांला वाटते की क्रमाचा प्रश्न गौण आहे. योहानाच्या सहाव्या अध्यायात हीच घटना पुढे जाते. भाकरी खाल्लेले लोक प्रभूचे वचन ऐकतात, त्यांना ते कठीण वाटते, आणि पुष्कळ जण निघून जातात. प्रभू त्यांना अडवीत नाही, आणि खाल्लेल्या भाकरीची आठवणही देत नाही. उलट बारा जणांकडे वळून, तुम्हांलाही जावयाचे आहे काय, असे विचारतो. वचन सांगितले जाते, त्याची धार बोथट केली जात नाही; पण दार उघडे राहते. पेत्राच्या उत्तराला मोल आहे ते दार उघडे होते म्हणूनच. बूथ ह्यांच्या पहिल्या निवाऱ्यांत लोक संध्याकाळच्या सभेला येत, कारण त्यांना न येण्याची मुभा होती. मुभा गेली आणि गॅलरीतील टवाळी आली.

मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात प्रभू परक्याच्या रूपाने दारी येतो. हा उतारा आपण दानपेटीवर पुष्कळदा छापतो. त्याचा परिणाम मात्र पुरता मनावर घेत नाही. दारी आलेला जर प्रभू असेल, तर त्याला कोणी लगाम घालील काय? न्याहारीनंतर त्याला सभेस डांबून ठेवील काय? यशया अठ्ठावन्नाव्या अध्यायात बेघर दरिद्र्यास आपल्या घरी आणण्यास सांगतो. स्वतंत्र इमारतीचा उल्लेख तेथे नाही. इमारती लागतात, हे आम्ही जाणतो. परंतु इमारत उभी राहिली म्हणजे घराची आज्ञा पुरी झाली, असे समजण्याचा मोह मोठा आहे.

२०११ च्या जनगणनेत भारतात सुमारे १७ लाख ७० हजार बेघर माणसांची नोंद झाली. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने मोठ्या शहरांत दर लाख लोकसंख्येमागे एक निवारा असावा, असा आदेश दिला. तेव्हा छप्पर पुरविण्याचे ओझे केवळ मंडळीवर नाही. निवारे कोठे झाले नाहीत हे विचारण्याचे मात्र तिच्यावर निश्चित आहे. आपल्या पाठशाळांतील विद्यार्थी नाताळच्या थंडीत रेल्वे स्थानकाबाहेर ब्लँकेटे वाटावयास जातात. ते काम थांबवू नये. पण ब्लँकेट देताना छायाचित्र काढू नये, गीत म्हटले तर निजलेल्याला उठवून म्हणू नये, आणि महिन्यातून एकदा तरी वाटणाऱ्याने त्याच पंक्तीत बसून तेच जेवण जेवावे. एवढे केले तरी बूथ ह्यांच्या ग्रंथाचा अर्धा अर्थ विद्यार्थ्याला वर्गाबाहेर कळेल.

ग्रंथाविषयी आमचा निर्णय असा : तो जुना झालेला नाही, आणि निर्दोषही नाही. पडलेल्याला आधी उठवा, हे त्याचे पहिले वाक्य मंडळीने पाठ करावे. उठल्यावर तो कोणीकडे जाईल हे मात्र त्याचे त्याला ठरवू द्यावे. आणि तो निघून गेला तरी उद्या पुन्हा येईल, तेव्हा त्याच्यासाठी पान मांडलेले असावे.