शिवराई होनाची परीक्षा : प्रमाण कोणतें मानावें ?

शके १५९६ च्या ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीस, म्हणजे ६ जून १६७४ रोजीं, रायगडावर शिवछत्रपतींस राज्याभिषेक झाला. या प्रसंगाचें स्मारक म्हणून जो सोन्याचा होन संग्राहकांत प्रसिद्ध आहे, त्याच्या एका बाजूस ‘श्री राजा शिव’ हीं अक्षरें तीन ओळींत व दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ हीं अक्षरें दोन ओळींत असून भोंवतीं बिंदूंचें वलय असतें. वजन सुमारें पावणेतीन ग्रॅम. अस्सल होन अत्यंत थोडे. विक्रीस येणारे मात्र थोडे नाहींत. त्यांच्यासोबत खरेपणाचा लेखी दाखला जोडण्याची चाल हल्लीं पडली आहे. असे कांहीं दाखले आमच्या पाहण्यांत आले. त्यांत कारणें बहुधा चारच असतात : वजन बरोबर आहे, सोनें उत्तम आहे, अक्षरें शुद्ध आहेत, आणि नाणें जुन्या घराण्यांतून आलें आहे. हीं कारणें प्रमाण म्हणून कितपत टिकतात, एवढाच प्रश्न येथें विचारांत घेतला आहे.

प्रथम सोनें व वजन. जेथें अस्सल होन तेथें चांगलें सोनें, ही व्याप्ति मान्य करूं. पण तिच्यावरून जेथें चांगलें सोनें तेथें अस्सल होन, असें म्हणतां येत नाहीं. तापलेल्या लोहगोलांत अग्नि असून धूर नसतो, हा तर्कशास्त्राच्या पहिल्या पाठांतला दृष्टांत येथें तंतोतंत लागू पडतो. होनाला मिळणारी किंमत त्यांतील सोन्याच्या किंमतीच्या अनेक पटींनीं अधिक असल्यामुळें खोटें नाणें करणाराला खरें सोनें वापरणें सहज परवडतें, आणि वजनाचा आंकडा तर छापील ग्रंथांतून त्यालाहि वाचतां येतो. म्हणून कस आणि वजन हीं नाणें बाद करण्याचीं साधनें होत, स्वीकारण्याचीं नव्हत.

बाद करण्यासाठीं देखील त्यांचा उपयोग जपून करावा. शुद्ध सोन्याचें विशिष्टगुरुत्व १९.३ आहे. त्या हिशेबानें २.७५ ग्रॅमचा होन पाण्यांत बुडविला असतां त्याचें वजन अवघें ०.१४ ग्रॅमनें घटेल. सराफाचा कांटा ०.०१ ग्रॅमपर्यंतच दाखवीत असला, तर तेवढ्या एका अंशाच्या चुकीनें उत्तर १८ पासून जवळजवळ २१ पर्यंत कोठेंहि येऊं शकतें. अशा कांट्यावर निर्भेळ सोनें आणि शेंकडा नऊ भाग रुपें मिसळलेलें सोनें यांतला भेद कळणारच नाहीं. क्ष-किरणांच्या यंत्रानें नाण्यास इजा न होतां कस कळतो खरा, पण तो मुख्यतः पृष्ठभागाचा. शिवाय कस ९९.९ निघाला, तर तो गुण न मानतां आजच्या शुद्धीकरणाच्या कारखान्याची आठवण ठेवावी, हें बरें.

दुसरें कारण अक्षरांचें. ‘छत्रपति’ हें पद शुद्ध आहे म्हणून नाणें अस्सल, हा युक्तिवाद पोथ्यांच्या संग्राहकांस तरी पटूं नये. पाठ शुद्ध असला म्हणून पोथी जुनी ठरत नाहीं. लिपीचें वळण पाहावें लागतें. हातानें उलटा ठसा कोरणाराच्या अक्षरांत एक अनिश्चितता असते. निर्णयसागराच्या खिळ्यांवर ज्याची दृष्टि घडली आहे, त्याच्या हातून रेघेची जाडी व गोलाई एकसारखी उतरते. अक्षरांवरून आणखी एक मर्यादाहि लक्षांत येते. नाण्यावर सनहि नाहीं, टांकसाळीचें नांवहि नाहीं. ‘छत्रपति’ या पदावरून तें राज्याभिषेकापूर्वींचें नव्हे एवढेंच ठरतें. तें त्याच सोहळ्यासाठीं पाडलें हें नाणें स्वतः सांगत नाहीं. हींच अक्षरें असलेल्या तांब्याच्या शिवराया पेशवाईंतहि पडत होत्या, हें विसरूं नये.

आतां जो पुरावा दाखल्यांत क्वचितच येतो, त्याकडे वळूं. दोन पोथ्यांत एकच चूक आढळली तर त्यांचें मूळ एक, असें आपण अनुमान करतों. नाण्यांत मात्र दोन प्रकारच्या चुका वेगळ्या काढाव्या लागतात. ठशाची चूक, जसें एखाद्या अक्षरांतील तडा, ही त्या ठशाच्या प्रत्येक नाण्यावर येणारच. पण ठसा चकतीवर कोणत्या बाजूस सरकला, वलयांतील कोणते बिंदु कांठाबाहेर गेले, पुढें वापरांत चरा कोठें पडला, या गोष्टी एकेका नाण्याच्या स्वतःच्या असतात. त्या दोन नाण्यांत तशाच्या तशा असणें अशक्यप्राय होय. एका संग्राहक गृहस्थांनीं आम्हांस दोन होन पाहावयास दिले. त्यांतील एक ते सार्वजनिक संग्रहास अर्पण करणार होते. दोन्हींचे दाखले वेगळ्या हातचे, वजनें व कस निर्दोष. परंतु भिंगाखालीं दोहोंत डावीकडचे तेच बिंदु तुटलेले आणि ‘छ’ वरून तोच तिरपा चरा गेलेला दिसला. तेव्हां हे दोन्ही होन एकाच नमुन्यावरून ओतलेले, हें उघड झालें. तो नमुना अस्सल असूं शकेल. हे दोन नव्हेत. अर्पणाचा बेत त्यांनीं स्वतःच मागें घेतला.

राहिलें घराण्याचें कारण. राज्याभिषेकाचा खर्च सभासदाच्या बखरींत एक कोट बेचाळीस लक्ष होन सांगितला आहे. तेव्हां जुन्या घरांतून एखादा होन निघावा यांत नवल काय, असें विचारलें जातें. पण तीच बखर छत्रपतींच्या खजिन्यांत अच्युतराई, देवराई वगैरे होनांच्या अनेक जाती सांगते. खर्चाचा आंकडा म्हणजे नव्या नाण्यांची संख्या नव्हे. शेतांत सांपडला म्हणावें, तर १८७८ च्या निधीविषयक कायद्याप्रमाणें दहा रुपयांवरील ठेव्याची वर्दी कलेक्टरास देणें सांपडणारावर बंधनकारक आहे. वर्दी नसेल, तर ती हकीकत खोटी असेल, किंवा ठेवा दडवून फोडला गेला असेल. दुसऱ्या पक्षीं नाणें खरें असूनहि त्याचा निम्मा इतिहास नष्ट झाला असें समजावें.

या प्रश्नांत केवळ खरेदीदाराच्या पैशांचें नुकसान नाहीं. खोटा होन संग्रहांत शिरला कीं त्याचें छायाचित्र ग्रंथांत जातें, त्यावरून पुढील नाण्यांची परीक्षा होते, आणि अखेर अस्सलालाच त्याच्याशीं जुळवून पाहण्याची पाळी येते. म्हणून ज्यांच्याजवळ होन आहेत त्यांनीं दोन्ही बाजू व कांठ यांचीं मोठीं छायाचित्रें, मिलिग्रॅमपर्यंत वजन आणि प्राप्तीची लेखी हकीकत प्रसिद्ध करावी. संशयित नाण्यांचीहि करावी. ओतीव नाण्यांचीं भावंडें ओळखण्यास दुसरा मार्ग नाहीं. तोंपर्यंत केवळ चार कारणांच्या दाखल्यावर कोणताहि होन अस्सल म्हणून नोंदवूं नये, असें आमचें मत आहे.