दहा गुणांची संहिता : कर्करोगावरील पेशी-उपचार आणि मराठी रुग्णाची वाचा

मुंबईची भारतीय तंत्रज्ञान संस्था व टाटा स्मारक केंद्र यांनी विकसित केलेल्या ‘नेक्सकार-१९’ या पेशी-उपचारास ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते त्याचा प्रारंभ झाला. रुग्णाच्याच टी-पेशी प्रयोगशाळेत बदलून त्यांना कर्करोगग्रस्त बी-पेशी ओळखावयास लावणे, हे या उपचाराचे तत्त्व होय. त्याच्या खर्चाची चर्चा पुष्कळ झाली. मेंदूवरील दुष्परिणामांची त्या मानाने फार थोडी.

या पेशी सक्रिय झाल्या की रक्तात सायटोकाइन द्रव्ये वाढतात, रक्त व मेंदू यांमधील अटकाव सैल होतो आणि काही रुग्णांत ‘आयकॅन्स’ हा चेताविकार उद्भवतो. नेक्सकार-१९ मध्ये त्याचे प्रमाण कमी असल्याचे संशोधकांनी नोंदविले आहे. परंतु कमी म्हणजे शून्य नव्हे. बहुधा हा विकार बरा होतो, क्वचित झटके व मेंदूची सूज येथवर जातो. त्याची पहिली चाहूल मात्र भाषेत लागते : शब्द अडतो, वस्तूचे नाव आठवत नाही, अक्षर बिघडते. म्हणूनच २०१९ मध्ये अमेरिकी तज्ज्ञांनी प्रसिद्ध केलेली ‘आइस’ ही दहा गुणांची चाचणी भाषेच्या अभ्यासकानेही संहिता म्हणून वाचावयास हवी.

वर्ष, महिना, शहर व रुग्णालय सांगणे यास चार गुण. तीन वस्तू ओळखण्यास तीन. आज्ञापालन, वाक्यलेखन आणि शंभरापासून दहा-दहाने उलट मोजणे यांस प्रत्येकी एक. सात ते नऊ गुण म्हणजे पहिली श्रेणी, तीन ते सहा म्हणजे दुसरी. स्टिरॉइड द्यावे की नाही हे बव्हंशी श्रेणीवर ठरते. वाक्यलेखनासाठी मूळ लेखात उदाहरण आहे ते राष्ट्रीय पक्षी बाल्ड ईगल असल्याचे. (गंमत अशी की, अमेरिकेत त्या पक्ष्यास कायद्याने हा दर्जा डिसेंबर २०२४ मध्ये मिळाला!) मराठीत गरुडाच्या जागी मोर बसविणे सोपे आहे. अडचण पक्ष्याची नाही.

रत्नागिरी जिल्ह्यातील एखादी वृद्धा केवळ सही करू शकत असेल, तर औषधापूर्वीच तिचे गुण नऊ. बटणाला ती ‘गुंडी’ म्हणेल, ऐंशी मोजताना ‘चार विसा’ म्हणेल. बोली न जाणणाऱ्या परीक्षकास तेच उत्तर चुकीचे वाटेल. यावर असे म्हणता येईल की, उपचारापूर्वीची नोंद घेऊन तुलना केली जाते. हे खरे आहे, परंतु अपुरे आहे. जे कौशल्य मुळातच नाही, त्याचा ऱ्हास दिसणार कसा? तुलनेने गुणांची बेरीज सावरते, चाचणीची संवेदनक्षमता नव्हे. निरक्षर रुग्णाकडे इशारा देणारे एक दार आधीच बंद असते.

चाचणीत बदल निषिद्ध आहे असेही नाही. २०१८ च्या पूर्वरूपात राष्ट्रप्रमुखाचे नाव विचारले जाई. वर्षभरात तो प्रश्न गाळून आज्ञापालन आले. त्याच न्यायाने वाक्याच्या जागी काय ठेवावे, हे चेतातज्ज्ञ व बोलीअभ्यासक यांनी एकत्र बसून ठरवावयाचे आहे. साक्षर रुग्णाने पहिल्या दिवशी स्वतःच्या मनचे वाक्य लिहावे आणि रोज तेच पुन्हा लिहावे. शिरोरेषा, वेलांटी, जोडाक्षर यांतील थरथर त्यात कळून येईल. निरक्षराच्या बाबतीत मात्र त्याची बोली रोज ऐकणाऱ्या नातेवाइकाची साक्ष गुणपत्रिकेत नोंदविण्याची सोय हवी, आणि ती जागा आजच्या दहा गुणांत नाही.