लीना खान यांचा निबंध गिरडच्या बाजूने वाचला तर

पेट निघाली की सिनॉप्सिसची धावपळ सुरू होते. आजकाल त्यात एक विषय हमखास दिसतो, ‘बड्या टेक कंपन्यांचं वाढतं वर्चस्व’. या कंपन्यांबद्दल लोकांना वाटणारी धास्ती खरी आहे. पण नुसत्या धास्तीवर सिनॉप्सिस उभा राहत नाही, तिचा प्रश्न करावा लागतो. तो कसा करतात हे बघायचं असेल तर एक निबंध जरूर वाचा आणि त्याच्याशी भांडाही.

निबंध काय म्हणतो?

‘ॲमेझॉन्स अँटीट्रस्ट पॅराडॉक्स’ हा ९६ पानांचा निबंध जानेवारी २०१७ मध्ये येल लॉ जर्नलमध्ये आला. लेखिका लीना खान तेव्हा कायद्याच्या विद्यार्थिनी होत्या. २०२१ मध्ये त्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या अध्यक्ष झाल्या.

रॉबर्ट बोर्क यांनी १९७८ च्या पुस्तकात मांडलं होतं, की स्पर्धा कायद्याने ग्राहकाचं हित तेवढं बघावं. पुढे त्याचा व्यवहारातला अर्थ ‘भाव वाढला का?’ एवढाच उरला. खान म्हणतात, ॲमेझॉन तर वर्षानुवर्षं स्वस्त विकते, त्यामुळे या मापाने तिच्यात दोष सापडणारच नाही. पण बाजार भरवणारा आणि त्याच बाजारात दुकान मांडणारा एकच असेल, आणि शेजारच्या दुकानात काय खपतं हे त्याला रोज दिसत असेल, तर? म्हणून भावाच्या पलीकडे जाऊन बाजाराची रचना बघा, असं त्या सांगतात.

पद्धत लक्षात घ्या. गुप्त कागदपत्रं नाहीत, मोठा सर्व्हे नाही. न्यायालयीन निकाल, कंपनीची जाहीर माहिती आणि बातम्या, एवढ्यावर त्यांनी जुनं माप कुठे अपुरं पडतं ते दाखवलं. विद्यार्थ्याला जमण्यासारखं काम आहे हे.

गिरडचा शेतकरी यात कुठे बसतो?

समुद्रपूर तालुक्यातलं गिरड बाबा फरीद यांच्या टेकडीवरच्या दर्ग्यामुळे ओळखलं जातं. भोवताली कापूस आणि सोयाबीन. या पट्ट्याने तंत्रज्ञान कंपनीचं वर्चस्व मोबाइलच्या आधी बियाण्याच्या पाकिटात पाहिलं. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. पुढे देशातल्या ९० टक्क्यांहून अधिक कापूस क्षेत्रावर बीटी आलं. कृषी केंद्रात पाकिटं डझनभर कंपन्यांची, पण आतलं तंत्रज्ञान बहुतेक मॉन्सँटोचं, महिको मॉन्सँटो बायोटेकमार्फत आलेलं. शेतकरी ब्रँड बदलू शकत होता, पण तंत्रज्ञान बदलायला पर्याय जवळजवळ नव्हता.

२०१६ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने याची चौकशी लावली. प्रकरण न्यायालयात गेलं. २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने म्हटलं, की पेटंट परवान्याच्या बाबतीत पेटंट कायदा वरचढ. वर्चस्वाचा गैरवापर झाला का, या मूळ प्रश्नाचा आयोगाकडून निवाडा झालाच नाही.

आता खान यांच्याशी माझा पहिला वाद. त्यांची लढाई ‘भाव एके भाव’ मानणाऱ्या अमेरिकी विचाराशी आहे. आपला २००२ चा स्पर्धा कायदा तसा नाही. वर्चस्व ठरवताना ग्राहकाचं कंपनीवरचं अवलंबित्व आणि सामाजिक किंमतही विचारात घेता येते, असं कलम १९(४) सांगतं. व्हॉट्सॲप फुकट आहे, तरी २०२१ च्या प्रायव्हसी धोरणासाठी आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला २१३.१४ कोटींचा दंड केलाच. म्हणजे माप आपल्याकडे आहे. आपलं दुखणं वेळेचं आणि अधिकारक्षेत्राचं आहे. एका धोरणावर आदेश यायला जवळपास चार वर्षं लागली. खान यांची तक्रार जशीच्या तशी उचलून ‘भारतीय कायदा फक्त किंमत बघतो’ असं सिनॉप्सिसमध्ये लिहिलंत, तर पहिल्याच प्रश्नाला अडकाल.

उपायाचं काय?

खान दोन वाटा सुचवतात. एक, स्पर्धा कायदा कडक करा. दोन, प्लॅटफॉर्मला रेल्वे-वीज यांसारखी सार्वजनिक सेवा मानून सर्वांना सारखी वागणूक द्यायला लावा. दुसरी वाट मला जास्त पटते, पण ती अर्धीच आहे. आपल्याकडे यूपीआयचा रूळ कुठल्याही टेक कंपनीच्या मालकीचा नाही, तो एनपीसीआय चालवते. तरी सुमारे ८० टक्के व्यवहार फोनपे आणि गुगल पे या दोनच ॲपवरून होतात. एका ॲपकडे ३० टक्क्यांहून जास्त व्यवहार नकोत, असा नियम नोव्हेंबर २०२० मध्ये आला. मुदत वाढत वाढत डिसेंबर २०२६ पर्यंत गेली. रूळ सर्वांचा झाला, वर्चस्व मात्र एक मजला वर चढलं. ही शक्यता निबंधात पुरेशी तपासलेली नाही.

मग तुमचा प्रश्न कोणता?

माझं म्हणणं सरळ आहे. ‘कंपनी किती मोठी?’ याऐवजी ‘तिला सोडून जायचं तर कोणाला काय किंमत मोजावी लागते?’ हे विचारा. बियाणं, व्हॉट्सॲप, यूपीआय या तिघांनाही हा प्रश्न लागू पडतो आणि उत्तर तिन्ही ठिकाणी वेगळं येतं. यूपीआय ॲप किराणा दुकानदार पाच मिनिटांत बदलू शकतो. गावाचा, बचत गटाचा, शाळेचा ग्रुप ज्या व्हॉट्सॲपवर आहे, ते एकट्याने सोडणं अवघड. आणि पेरणीच्या तोंडावर दुसरं बियाणंच मिळत नसेल, तर सोडण्याचा प्रश्नच येत नाही.

हा फरक मोजता येतो. त्यासाठी सिलिकॉन व्हॅलीत जायची गरज नाही. एक गाव, एक सेवा आणि पंधरा-वीस नीट घेतलेल्या मुलाखती, एवढ्यावर सुरुवात होते. फक्त मुलाखतीत ‘तुम्हाला भीती वाटते का?’ असं विचारू नका, सगळे हो म्हणतील. ‘मागच्या वर्षी बदलून पाहिलं का, आणि मग काय झालं?’ असं विचारा.